एकच पॉवर स्टेशन घर आणि तंबू दोन्ही सांभाळेल का?

एका वाचक ताईंचं पत्र आलं आहे. घरी त्या, त्यांचे यजमान, शाळकरी मुलगा आणि सासूबाई. महिन्यातून तीन-चारदा दोन-तीन तास वीज जाते, वादळी दिवसांत कधी अख्खी रात्रही. दोघांचं बरंचसं काम घरूनच चालतं. सासूबाईंना स्लीप अ‍ॅप्नियाचा, म्हणजे झोपेत श्वास अडकण्याचा त्रास असल्याने त्या रात्री सीपॅप, म्हणजे मास्कमधून दाबाने हवा देणारं मशीन लावून झोपतात. वर्षातून एक-दोनदा बाकीचे तिघं मित्रमंडळींबरोबर दुर्बीण घेऊन तारे बघायला जातात आणि तंबूत राहतात. पोर्टेबल पॉवर स्टेशन, म्हणजे उचलून नेता येणारी, सॉकेट असलेली मोठी बॅटरी, घ्यायचं नक्की झालं आहे, पण कोणतं यावर घरात दोन तट पडले आहेत. यजमानांना २०४८ वॅट-अवरचं, २४०० वॅटचं, २२ किलोंचं हवं आहे. एकदाच घ्यायचं तर मोठं घेऊ, फ्रिजही चालेल, असं त्यांचं म्हणणं. ताईंच्या मनात ५१२ वॅट-अवरचं, ५०० वॅटचं, ६ किलोंचं आहे, कारण ते त्यांना एकटीला उचलता येतं. मोठ्यात लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी आहे, छोट्यात एनएमसी, म्हणजे निकेल-मँगनीज-कोबाल्टची लिथियम बॅटरी. फॉस्फेटवाली नवीन दिसते, तिचा भरवसा धरावा का, आणि सोबत सवलतीत मिळणारं सोलर पॅनल घ्यावं का, असंही त्यांनी विचारलं आहे.

ताई,

तुम्ही दोघांचीही बाजू प्रामाणिकपणे मांडली आहे. पण एक प्रश्न पत्रात कुठेच नाही, म्हणून आधी तोच विचारते. ज्या रात्री तुम्ही तिघं तंबूत असाल, त्या रात्री सासूबाई कुठे असतील? घरीच, असं पत्रावरून दिसतं. मग त्या रात्री वीज गेली तर त्यांचं मशीन कशावर चालणार? पॉवर स्टेशन तर तुमच्याबरोबर गाडीत असेल. ते लहान असो की मोठं, एका वेळी एकाच ठिकाणी असणार.

'मोठं की छोटं' हा वाद दोन गोष्टी धरून चाललाय. एक, घर आणि सहल यांना एकच पॉवर स्टेशन पुरायला हवं. दुसरी, वीज गेल्यावर फ्रिज चालायला हवा. या दोन्ही तपासून पाहिल्या की तुमचं उत्तर बरंच सोपं होतं, असं मला वाटतं.

फ्रिजपासून सुरुवात करू. दार बंद ठेवलं तर फ्रिजमधला गारवा साधारण ४ तास टिकतो. भरलेला फ्रीझर ४८ तासांपर्यंत आणि अर्धा भरलेला २४ तासांपर्यंत तग धरतो. तुमच्याकडे वीज जाते दोन-तीन तास. तेवढ्या वेळात फ्रिज चालवायची गरजच नाही, फक्त दार उघडायचं नाही एवढं सगळ्यांनी पाळायचं. राहिली ती अख्ख्या रात्रीची वेळ. फ्रिजच्या लेबलवर वर्षाचा वापर युनिटमध्ये दिलेला असतो. समजा तो ३०० युनिट असेल, तर दिवसाला ८२० वॅट-अवर आणि ८ तासांच्या रात्रीला पावणेतीनशेच्या आसपास होतात. हे काही फार नाही. खरा त्रास वेगळाच आहे. चालू असताना १००-१५० वॅट घेणारा कॉम्प्रेसर सुरू होण्याच्या क्षणी त्याच्या कितीतरी पट वीज ओढतो. फ्रॉस्ट-फ्री फ्रिजमध्ये बर्फ वितळवणारा हीटर मधूनच लागतो आणि तोही शेकडो वॅट घेतो. म्हणून ५०० वॅटच्या पॉवर स्टेशनवर फ्रिज लावला तर तो सुरू होतानाच आउटपुट बंद पडण्याची शक्यता मोठी. इन्व्हर्टर कॉम्प्रेसरचा फ्रिज हळूहळू वेग घेतो, त्याचं बरं चालतं. यजमानांची काळजी खोटी नाही, पण निव्वळ फ्रिजसाठी २२ किलोंचं यंत्र घ्यायला तुमच्या घरातलं वीज जाण्याचं प्रमाण पुरेसं नाही.

आता आकड्यांची बैठक नीट घालू, कारण बॉक्सवर सगळ्यात ठळक छापलेला आकडा पुष्कळदा आपल्या कामाचा नसतो. वॅट म्हणजे एका वेळी किती ओढता येईल. वॅट-अवर म्हणजे एकूण साठा किती. हजार वॅट-अवर म्हणजे वीजबिलातला १ युनिट. कुठे मोठ्या अक्षरांत '८०,००० एमएएच' लिहिलेलं दिसलं तर दिपून जाऊ नका. तो आकडा सेलच्या व्होल्टने गुणायचा आणि हजाराने भागायचा. एनएमसी सेल ३.७ व्होल्टचे धरले तर ते होतात २९६ वॅट-अवर. फॉस्फेट सेल ३.२ व्होल्टचे असतात, त्यामुळे तेच ८०,००० तिथे २५६ होतात.

आणि जेवढं छापलंय तेवढं सगळं हाती येत नाही. बॅटरीतली डीसी वीज यंत्रातला इन्व्हर्टर एसी करतो, तेव्हा काही भाग उष्णतेत जातो. एसी सॉकेटवरून वापर असेल तर हिशोबाला ८५ टक्के धरा. ५१२ चे हाती येतील ४३५, १०२४ चे ८७०, २०४८ चे १७४०.

तुमची तीन तासांची दुपार घ्या. दोन लॅपटॉप ८० वॅट, राउटर आणि फायबरचं मोडेम मिळून १५, दोन एलईडी बल्ब १८, एक पंखा ५०. बेरीज १६३ वॅट, तीन तासांचे सुमारे ४९० वॅट-अवर. छोट्याच्या ४३५ मध्ये हे बसत नाही. पण लॅपटॉपला स्वतःची बॅटरी आहे ना? दोन्ही भरलेले असतील तर ते यादीतून गळतात, उरतात ८३ वॅट, तीन तासांचे २५०. म्हणजे दिवसाचं छोट्यातही सहज भागतं.

कसोटी आहे ती रात्रीची. सीपॅपचं नुसतं मशीन बहुतेकदा ३० वॅटच्या आत चालतं. हवा ओलसर करणारा ह्युमिडिफायर आणि गरम होणारी नळी सुरू असली की तोच आकडा दुप्पट-तिप्पट होतो. ८ तासांसाठी गरम न करता २४० वॅट-अवर, आणि ७० वॅट धरले तर गरम करून ५६०. छोट्याचे ४३५ इथे ह्युमिडिफायर चालू की बंद यावर लटकतात. पंखा आणि राउटर रात्रभर ठेवायचे तर आणखी ५२०. म्हणजे ह्युमिडिफायर बंद ठेवून एकूण ७६०, चालू ठेवून १०८०. पहिला आकडा १०२४ वॅट-अवरच्या पॉवर स्टेशनमध्ये आरामात मावतो. दुसरा मावत नाही, मग राउटर बंद करून पंख्याचा वेग उतरवायचा. वीज गेलेल्या रात्री गरम न करता मशीन लावलं तर चालेल का, हे सासूबाईंच्या डॉक्टरांना आजच विचारून ठेवा. त्या एका उत्तरावर तुमच्या खरेदीचा आकार बदलू शकतो.

हे माझे आकडे अंदाजाचे आहेत, तुमच्या मशीनचे तुम्हाला हवेत. सॉकेट आणि प्लग यांच्यामध्ये लावायचा छोटा वीज-मीटर मिळतो. तो सीपॅपला एक रात्र लावा, सकाळी किती युनिट लागले ते दिसेल. फ्रिजला पूर्ण दिवस-रात्र लावा. अ‍ॅडॉप्टरच्या पाठीवरचा आकडा हा कमाल मर्यादेचा असतो. ९० वॅट लिहिलेलं अ‍ॅडॉप्टर रात्रभर ९० वॅट घेत बसत नाही. निव्वळ ते वाचून लोक गरजेच्या दुप्पट मोठं यंत्र घरी आणतात.

बॅटरीच्या प्रकाराबद्दल तुम्ही विचारलंत. लिथियम आयर्न फॉस्फेट नवीन नाही. जॉन गुडइनफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टेक्सास विद्यापीठात त्यावरचं काम १९९७ मध्ये प्रसिद्ध केलं. लिथियम-आयन बॅटरीवरच्या कामासाठी २०१९ मध्ये रसायनशास्त्राचं नोबेल ज्या तिघांना मिळालं, त्यांत गुडइनफ होते. तेव्हा भरवशाची चिंता सोडा. विक्रेते तिचं कौतुक करताना ३००० सायकलचा आकडा पुढे करतात (बॅटरी एकदा पूर्ण भरून पूर्ण वापरली की एक सायकल). एनएमसीचा साठा साधारण ५०० ते १००० सायकलनंतर मूळच्या ८० टक्क्यांवर येतो, फॉस्फेट ३००० च्या पुढे जाते. आकडे खरे आहेत, पण तुमच्यासाठी ते महत्त्वाचे नाहीत. महिन्याला चार वेळा बॅटरी पूर्ण वापरली तरी ५०० सायकल संपायला दहा वर्षं लागतील.

तुमच्यासाठी महत्त्वाचं कारण वेगळं आहे. बॅकअपचं यंत्र वर्षभर भरलेलं पडून राहतं. सतत १०० टक्क्यांवर आणि उष्ण खोलीत राहणं एनएमसीला मानवत नाही, वापरली नाही तरी तिची ताकद उतरते. फॉस्फेट हे बरंच सोसते. शिवाय बिघाड होऊन तापली तर ती पेट घेण्याच्या थराला उशिरा पोचते, आणि यंत्र झोपलेल्या माणसाच्या खोलीत असणार आहे. घरच्या कामाला मी फॉस्फेटच घ्या म्हणेन, यात तडजोड नको. तिचे दोन दोष मात्र लक्षात असू द्या. तेवढ्याच साठ्याला ती जड असते, आणि शून्य अंशाखालच्या थंडीत ती चार्ज करायची नसते. स्क्रीनवरची टक्केवारीही तिच्या बाबतीत हळूहळू चुकू लागते, म्हणून तीन महिन्यांतून एकदा पूर्ण उतरवून पूर्ण भरावी.

आता तंबूकडे. दुर्बिणीचा माउंट, म्हणजे तिला फिरवणारा मोटरवाला आधार, १२ व्होल्टवर २० वॅटच्या आसपास घेतो. दव धरू नये म्हणून भिंगाभोवती गुंडाळायचा पट्टा १५ वॅट. सहा तासांचे २१० वॅट-अवर झाले. एक मोबाइल पूर्ण भरायला साधारण २० वॅट-अवर, तीन मोबाइलचे ६०. कंदिलासारखा एलईडी दिवा किरकोळ. म्हणजे एका रात्रीला ३०० च्या आत. आणि यातलं जवळजवळ सगळं १२ व्होल्ट किंवा यूएसबीवर चालतं, एसी बटण दाबायचीही गरज नाही. यासाठी २२ किलो कोण वाहणार? विमानप्रवासाला भरलेल्या सुटकेसइतकं ते वजन, ते गाडीपासून तंबूपर्यंत अंधारात, खाचखळग्यांतून न्यायचं. (विमानाने कुठे जाणार असाल तर तो विषयच मिटला. प्रवाशाला १०० वॅट-अवरपर्यंतची बॅटरी नेता येते, १६० पर्यंत विमान कंपनीच्या परवानगीने. त्यावरची नाही.)

म्हणून माझं मत असं. १०२४ वॅट-अवरच्या आसपासचं, १५००-१८०० वॅटचं, फॉस्फेट बॅटरीचं एक पॉवर स्टेशन घरासाठी घ्या आणि ते घराबाहेर काढूच नका. त्याचं वजन ११ ते १४ किलो भरतं. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत तुम्ही नेऊ शकाल, रोज उचलायचं नाहीच. आणि सहलीसाठी ३०० वॅट-अवरच्या आसपासचं, चारेक किलोंचं छोटं घ्या, तेही फॉस्फेटचंच मिळालं तर उत्तम. या दोन्हींच्या किमतीची बेरीज यजमानांच्या मोठ्याशी ताडून पाहा, बहुतेक वेळा ती जड जात नाही. दोन असण्याचा खरा फायदा पैशांत नाही. एक बिघडून दुरुस्तीला गेलं तर दुसरं घरात असतं. सीपॅपसाठी कंपनीची १२ किंवा २४ व्होल्टची डीसी केबल मिळते. ती घेतलीत तर इन्व्हर्टरचं नुकसान वाचून छोट्यावरही गरम न करता एक रात्र निघते. ती केबल घ्याच. तुमच्या मॉडेलचीच घ्या.

एका वेळी दोन घेणं झेपणार नसेल तर आधी घरचं घ्या. तारे पुढच्या वर्षीही दिसतील.

राउटरबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण इथे पुष्कळ जण फसतात. एसी आउटपुट चालू ठेवला की इन्व्हर्टर स्वतःच १० ते २० वॅट खातो. १२ वॅटच्या राउटरसाठी यंत्र तेवढीच वीज स्वतःवर खर्च करत असतं, म्हणजे साठा निम्म्या वेळात संपतो. दुसरं असं की वीज वाचवायला बरीच पॉवर स्टेशन लोड फार कमी दिसला की काही तासांनी एसी आपोआप बंद करतात. राउटर मध्येच बंद पडतो आणि कारण कळत नाही. सीपॅपच्या बाबतीत असं झालं तर ते नुसतं गैरसोयीचं राहत नाही. ही सोय सेटिंगमध्ये बंद करता येते का, हे घेण्याआधी विचारा आणि पहिल्याच दिवशी बंद करा. राउटरसाठी तळहाताएवढा डीसी यूपीएस मिळतो. त्याचे व्होल्ट आणि पिन राउटरशी जुळतात हे बघून तो घेतलात की पॉवर स्टेशन त्या कामातून मोकळं होतं.

सीपॅप कायम पॉवर स्टेशनमार्गे जोडून ठेवायचं असेल तर यूपीएस मोड, म्हणजे आपोआप बॅटरीवर येण्याची सोय, हवी. वीज गेल्यावर बॅटरीवर यायला १० ते ३० मिलिसेकंद लागतात. लॅपटॉपला त्याने काही होत नाही, डेस्कटॉप कधीकधी रीस्टार्ट होतो. सीपॅपचं काय होतं ते करून पाहावं लागतं. असं कायम जोडलेलं यंत्र १५ वॅट खात राहिलं तर वर्षाला १३० युनिटच्या आसपास जातात, तेही माहीत असू द्या. मी ते फक्त झोपताना जोडेन.

पॉवर स्टेशनच्या आतल्या पंख्याचा आवाज कुणी विचारात घेत नाही. तासाभरात पूर्ण चार्ज होण्याची जाहिरात असते, पण तेव्हा आतला पंखा घोंघावतो आणि बॅटरीही तापते. मध्यरात्री वीज आली की सासूबाईंच्या उशाशी तो आवाज सुरू होईल. चार्जिंगचा वेग कमी ठेवता येतो का, हे बघून घ्या आणि तो कमीच ठेवा. यंत्र पलंगापासून दूर, जाळ्या मोकळ्या राहतील असं ठेवा. कपाटात कोंडू नका. उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत तर मुळीच नको.

सोलर पॅनल सध्या घेऊ नका. १०० वॅटचं पॅनल चांगल्या उन्हात ६०-७५ वॅट देतं. चार-पाच तास स्वच्छ ऊन मिळालं तर ३०० वॅट-अवर जमतात, म्हणजे १०२४ चं पॉवर स्टेशन भरायला तीनेक दिवस. तुमची अडचण रात्रीची आणि वादळातली आहे, तेव्हा ऊन नसतंच. तंबूतली एक रात्र घरून भरून नेलेल्यावर निघते. पुढे कधी घेतलंत तर यंत्राची सोलर इनपुटची कमाल व्होल्ट मर्यादा आधी वाचा. पॅनलचं ओपन सर्किट व्होल्टेज (काहीही न जोडता असणारं व्होल्टेज) त्याच्या खाली हवं, आणि दोन पॅनल सिरीजमध्ये, म्हणजे एकापुढे एक जोडली तर त्यांची बेरीज खाली हवी, तीही थोडी जागा राखून. थंडीत पॅनलचं व्होल्टेज वाढतं आणि मर्यादा ओलांडली तर यंत्राचं सर्किट जळतं.

तुमच्यासारखा प्रश्न असलेल्या इतरांसाठी एक-दोन गोष्टी. ज्यांच्याकडे दिवस दिवस वीज नसते, औषधांचा फ्रिज किंवा पाण्याचा पंप चालवायचा असतो, त्यांनी २००० वॅट-अवरच्या पुढचं, जादा बॅटरी जोडता येईल असं घेणं योग्यच आहे. घरात आधीच इन्व्हर्टर-बॅटरी बसवलेली असेल तर पॉवर स्टेशनची गरज कदाचित नसेलच, आधी तीच तपासून घ्या. घरात ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर किंवा व्हेंटिलेटर असेल तर नुसत्या पॉवर स्टेशनवर विसंबू नका. डॉक्टर आणि यंत्र पुरवणाऱ्यांशी बोलून दुसरी सोय हवीच. किटली, इस्त्री, इंडक्शन ही १५००-२००० वॅटची मंडळी १०२४ चा साठा अर्ध्या तासात संपवतात. 'यावर ३००० वॅटही चालतं' असं सांगणारे मोड व्होल्टेज खाली आणून चालवतात, ते हीटरला चालतं, मोटरला नाही. परदेशातून मागवताना व्होल्टेज आपल्या घरच्याशी जुळतं का बघा, आणि आउटपुट प्युअर साइन वेव्हच, म्हणजे घरच्या विजेसारखाच सलग लहरीचा हवा. वॉरंटी किती वर्षांची आणि दुरुस्तीला कुठे न्यावं लागेल, हे घेण्याआधी विचारा. आणि दोन्ही टोकांना प्लग असलेली वायर करून पॉवर स्टेशन भिंतीच्या सॉकेटला जोडण्याचा उद्योग कुणीही, कधीही करू नये. उघड्या पिनांत वीज असते, आणि ती उलट्या दिशेने बाहेरच्या लाइनवर गेली तर तिथे काम करणाऱ्या माणसाच्या जिवावर बेतते.

ताई, यंत्र घरी आलं की पहिल्या आठवड्यात एक काम करा. दिवसा, सासूबाई जाग्या असताना, मशीन लावून त्यांना आडवं व्हायला सांगा आणि भिंतीचा प्लग काढा. मशीन थांबतं का, स्वतः परत सुरू होतं का, ते बघा. मग तुम्ही बाजूला उभ्या राहा आणि बटण त्यांना दाबू द्या. तुम्ही तंबूत असाल तेव्हा ते त्यांनाच दाबायचं आहे. बटण बारीक असेल तर त्याशेजारी ठळक रंगाची पट्टी चिकटवा, किती वेळ दाबून धरायचं ते मोठ्या अक्षरांत लिहा, आणि शेजारच्या एखाद्या विश्वासू व्यक्तीलाही एकदा दाखवून ठेवा.